ट्रंकेतल्या पाकिटाचं वय किती?

दोस्ता, गुप्तहेर व्हायचंय? चल तर मग!

समज, सुट्टी लागलीय. मुळशीतल्या जांबे गावात आजीचं घर. माळ्यावर पत्र्याची ट्रंक. झाकण उघडलं, कर्रर्र! डांबराच्या गोळ्यांचा वास, जुन्या साड्या आणि तळाशी सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा!

वरचंच पाकीट घे. कोपऱ्यात तिकीट, तिकिटावर काळा गोल शिक्का. टपालाच्या शिक्क्यात गाव असतं, तारीख असते. पण हात्तिच्या! शिक्का पुसट. सालच दिसेना!

आता पाकिटाचं वय कसं कळणार? अरे, पाकीटच सांगतं की!

पहिला पुरावा: किंमत. तिकिटावर किंमत कशात छापलीय? आण्यांत? म्हणजे तिकीट 1957 च्या आधीचं! तेव्हा एका रुपयाचे सोळा आणे असायचे. आणि एका आण्याचे चार पैसे. मग रुपयाचे पैसे किती? शंभर? छे! चौसष्ट! आजी ‘सोळा आणे खरं’ म्हणते ना? म्हणजे रुपयातला एक आणाही कमी नाही, पूर्ण खरं!

1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर पैसे झाले. जुना पैसा आणि हा पैसा, गोंधळ नको म्हणून याचं नाव ठेवलं ‘नया पैसा’. वर्गात दोन समीर आले की आपण एकाला ‘नवा समीर’ म्हणतो, अगदी तसंच! 1964 मध्ये ‘नया’ गळून पडला. म्हणून तिकिटावर ‘नये पैसे’ दिसले, की समज, ते या सात वर्षांतलं!

दुसरा पुरावा: पत्ता. पत्त्याखाली सहा आकडे आहेत? मग पाकीट 15 ऑगस्ट 1972 च्या आधीचं असूच शकत नाही. त्या दिवशी पिनकोड सुरू झाला!

आणि ओळख बघू, ही युक्ती कुणाची? एका मराठी माणसाची! श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि घरी? चक्क संस्कृत कवी!

पण आकडे हवेत कशाला? बघ हं. पत्त्यावर नुसतं ‘वडगाव’ लिहिलं, तर पोस्टमनकाका म्हणतील, ‘कुठलं रे? वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी की वडगाव मावळ?’ ही तर एकट्या पुणे जिल्ह्यातली झाली!

जांबेच्या जवळच्या हिंजवडीचा पिन घे: 411057. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा विभाग. 411 म्हणजे पुणे. उरलेले 057 म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस. शाळेत नाही का, आधी इयत्ता, मग तुकडी, मग हजेरी क्रमांक? बस्स, तसंच!

तिसरा पुरावा: चित्र. तिरंगा आणि ‘जय हिंद’ दिसतंय? वा! स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट ते, 21 नोव्हेंबर 1947 चं.

पांढऱ्या दाढीचे आजोबा दिसतायत? ते आपल्या पुण्याचे महर्षी धोंडो केशव कर्वे असतील! मुलींना शिकता यावं म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं. 18 एप्रिल 1958 ला त्यांना शंभर वर्षं झाली आणि त्याच दिवशी त्यांचं तिकीट निघालं. किंमत 15 नये पैसे. हयात असताना भारताच्या तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय! विचार कर, आपल्याच वाढदिवसाला आपलाच चेहरा तिकिटावर!

आता सगळ्यात जुनी गंमत. आपल्याकडचं पहिलं तिकीट नुसत्या कागदाचं नव्हतंच म्हटलं तर? ते होतं 1852 मधलं सिंध प्रांताचं. तेव्हा सिंधचा कारभार मुंबई इलाख्यात चालायचा. तिथल्या बार्टल फ्रिअर साहेबाने अर्ध्या आण्याचं गोल तिकीट काढलं. कशाचं? लाल लाखेचं! कागदावर लाखेचा पातळ थर आणि त्यावर उठावाचा ठसा. पण लाख कडक, पापडासारखी. पत्रांच्या थैलीत आपटली की कडाड! तुकडेच तुकडे! मग साध्या कागदावर ठसा उठवला. पांढऱ्यावर पांढरा! दिव्याच्या उजेडात दिसेचना. शेवटी ठसा निळा केला. लाल लाखेची शाबूत तिकिटं आज जगात फार थोडी उरलीत.

पण थांब, घाई नको! कुणी जुनं तिकीट जपून ठेवलं आणि दहा वर्षांनी चिकटवलं तर? कुणी पिन लिहायलाच विसरलं तर? म्हणून हुशार गुप्तहेर एका पुराव्यावर निकाल देत नाही. किंमत, पत्ता, चित्र, शिक्का, सगळं जुळवून बघतो.

म्हणूनच पक्की गोष्ट लक्षात ठेव: जुन्या पाकिटावरचं तिकीट फाडून किंवा भिजवून काढायचं नाही! तिकीट वहीत गेलं, की अर्धा शिक्का इकडे, अर्धा तिकडे. पत्ता तर कचऱ्यातच! नुसता डबा उरला आणि डब्यातला लाडू गेला, असं होईल. पाकीट अख्खंच ठेव.

आणि हो, ते पुसट पाकीट! खिडकीपाशी उजेडात तिरकं धर, भिंग लाव. तिकिटावर ‘नये पैसे’, पत्त्यात पिन नाही, शिक्क्यात सालाच्या शेवटी कसाबसा एक 6 आणि एक 1. साल कुठलं?

सांग सांग!

1961! अगदी सोळा आणे बरोबर!