सकाळच्या पहिल्या स्टार्टचा खडखडाट

जुनी गाडी सकाळी स्टार्ट करताच खडखडली, की अनेक जण थेट इंजिन उघडण्याच्या खर्चाला तयार होतात. माझ्या मते आवाज किती मोठा यापेक्षा तो किती वेळ टिकतो, हे आधी पाहावं. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खालच्या संपमध्ये उतरतं. पंप ते पुन्हा वर पोचवेपर्यंत हायड्रॉलिक टॅपेट किंवा टायमिंग चेनचा टेन्शनर क्षणभर वाजू शकतो. फिल्टरमधली ऑइल अडवून धरणारी झडप निकामी असेल तर हा काळ लांबतो आणि नवा फिल्टर पुरतो.

‘गाडी जुनी, आवाज होणारच’ हे अर्धंच खरं. दिवसेंदिवस लांबत जाणारा खडखडाट चेन किंवा टेन्शनर झिजल्याची खूण असू शकतो, आणि चेन घसरली तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. जाड ऑइल घालून आवाज दाबण्याचा सल्लाही मला पटत नाही. थंड इंजिनात ते वर चढायला उलट जास्त वेळ घेतं. म्हणून आधी ऑइलची पातळी तपासा, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा. पण इंजिन तापल्यावरही खोल ठोके येत असतील किंवा ऑइलचा लाल दिवा विझत नसेल, तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या.