झोपमोड नेमकी किती रुपयांची?

"काय रे भो, हे काय लावलंय रात्रीचं?"

रात्रीचे सव्वाअकरा. वॉशिंग मशीन स्पिनला आलेलं, बाल्कनीतली फरशी थरथरतेय आणि पप्पा डोळे चोळत दारात उभे. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "पप्पा, रात्री वीज स्वस्त असते. बिल कमी येईल."

हे ज्ञान मला एका रीलमधून मिळालं होतं. 'जड उपकरणं रात्री दहानंतर चालवा आणि वीजबिल वाचवा.' लॉजिक पटण्यासारखं होतं. रात्री मागणी कमी, म्हणून भाव कमी. ऑक्टोबर हीटचे दिवस, कूलर अजून माळ्यावर गेलेला नाही, बिलाचा आकडा घरात रोज निघतोय. म्हटलं, इंजिनीअरिंगला आहोत तर घराला काही उपयोग होऊ दे. महिनाभर आमच्या जळगावच्या घरात कपडे रात्री अकराला धुतले गेले आणि बाराला वाळत पडले. ते वाळत कोण घालायचं? मम्मी. मी तोवर झोपलेलो असायचो.

महिन्याचं बिल आलं. रात्रीचे कपडे धुऊन वाचले किती? शून्य रुपये, शून्य पैसे.

मग जरा नीट वाचायला बसलो, तेव्हा कळलं की आपण घड्याळच उलटं धरलं होतं.

स्वस्त वीज आता दिवसाची

'रात्री स्वस्त' हा सल्ला खोटा नाही, पण तो आपल्या घरचा नाही. ब्रिटनमध्ये 1978 मध्ये 'इकॉनॉमी सेव्हन' नावाचा दर आला. रात्रीचे सात तास वीज स्वस्त आणि त्याच्या बदल्यात दिवसाची वीज महाग. तिथे थंडीत रात्रभर हीटर तापवून ठेवायचे आणि दिवसा ती ऊब वापरायची, असा तो हिशोब. आपण ऐकतो त्या टिप्स बऱ्याचदा अशाच लांबच्या गावाहून आलेल्या असतात.

आपल्याकडेही रात्रीची सवलत होती, पण कारखान्यांना. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत युनिटमागे दीड रुपया कमी लागायचा. म्हणून अनेक कारखाने रात्रपाळीवर जोर द्यायचे. कारण साधं होतं. भुसावळजवळच्या दीपनगरसारखं कोळशावरचं वीज केंद्र म्हणजे घरातला पंखा नाही, की झोपताना बटण बंद केलं आणि सकाळी चालू केलं. बॉयलर थंड करून पुन्हा तापवायला वेळ लागतो, खर्च येतो. म्हणून रात्री मागणी पडली तरी ते कमी भाराने चालू ठेवावं लागतं. ती वीज कोणीतरी वापरावी, यासाठी सवलत.

आता चित्र बदललंय. धुळ्याहून साक्रीकडे गेलात तर शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. असे प्रकल्प राज्यभर वाढले, छतांवर पॅनेल आली. त्यामुळे भरदुपारी वीज मुबलक आणि सूर्य मावळला की एकदम ओढाताण. संध्याकाळी घराघरांत दिवे, टीव्ही, कूलर एकाच वेळी लागतात, तेव्हा सौर पॅनेल झोपलेली असतात.

म्हणून 2023 मध्ये केंद्र सरकारने ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल केला. सूर्यप्रकाशाच्या तासांत वीजदर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी असावा, जास्त मागणीच्या वेळी जास्त असावा, आणि शेती सोडून बाकी सगळ्या ग्राहकांना हे 1 एप्रिल 2025 पर्यंत लागू व्हावं, असं त्यात आहे. महाराष्ट्रात 2025 च्या दर आदेशानंतर महावितरणने घरगुती ग्राहकांसाठी सवलत जाहीर केली. जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे 80 पैसे कमी, आणि पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने ही सवलत 1 रुपयापर्यंत. अट एकच, घरात वेळेनुसार वापर मोजणारं टीओडी स्मार्ट मीटर हवं.

हे मीटर बसवावं की नाही, यावर आपल्याकडे भरपूर वाद झालेत. तो विषय आज बाजूला ठेवू. आज प्रश्न एवढाच, की ते मीटर घरात असेल तर वेळ बदलून खरंच पैसे वाचतात का?

सात दिवस, दोन रीडिंग

याचं उत्तर गुगलवर मिळत नाही, आपल्याच भिंतीवर मिळतं. मी एक आठवडा रोज सकाळी 9 ला आणि संध्याकाळी 5 ला मीटरचं रीडिंग वहीत लिहिलं. मी कॉलेजला असताना संध्याकाळचं रीडिंग मम्मी व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवायची. जुनं मीटर असेल तरी हा प्रयोग करता येतो.

आमच्या घरी आठवड्याला 56 युनिट जळाले. त्यातले 9 ते 5 मध्ये 17. म्हणजे साधारण 30 टक्के. महिन्याचे 240 युनिट धरले तर दिवसाचे 73. गुणिले 80 पैसे, झाले 58 रुपये. ही सवलत आम्ही काहीही न करता मिळतेय. फ्रिज दिवसा चालतोच, आजी घरी असते म्हणून पंखा चालतोच.

आता पुढचा प्रश्न. आणखी काय दिवसावर ढकलता येईल?

वॉशिंग मशीन: गार पाण्यावर एका वेळेला 0.4 युनिट धरा. महिन्यातून 20 वेळा, 8 युनिट. इस्त्री: हजार वॉटची, रोज 20 मिनिटं, 10 युनिट. पाण्याची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर: एक दिवसाआड अर्धा तास, 4 युनिट. मिक्सर: 2 युनिट. एकूण 24.

24 गुणिले 80 पैसे. एकोणीस रुपये वीस पैसे.

हा आकडा काढल्यावर मी थोडा वेळ वहीकडे बघत बसलो. आणि हेसुद्धा 'जास्तीत जास्त' आहे. कारण यातली काही कामं आधीपासून दिवसाच होतात. मोटर तर आपल्या हातातच नाही. जळगाव असो की धुळे, नळाला पाणी येईल तेव्हा मोटर लावायची, मग ती सकाळी सहाला असो की रात्री दहाला. तिथे टीओडी चालत नाही.

खान्देशचा खरा भार रात्रीचा

आपल्या भागात वीज खाणारी मोठी वस्तू कोणती? कूलर आणि पंखे. ज्यांच्याकडे आहे त्यांचा एसी. आणि हे जोरात चालतात कधी? माणसं घरी येऊन झोपतात तेव्हा. पूर्वी उन्हाळ्यात लोक धाब्यावर नाहीतर गच्चीवर अंथरूण टाकायचे. आता खोलीत झोपतो, म्हणून रात्रभर कूलर. दुपारी कूलर चालवून तो गारवा डब्यात भरून रात्रीसाठी ठेवता येत नाही.

गिझरचं तसंच. धुळ्याच्या थंडीत आंघोळ सकाळी सहा-सातलाच होते, सवलत नऊला सुरू. आणि मे महिन्यात गच्चीवरची टाकीच गिझरचं काम करते, ते वेगळं.

इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर गणित थोडं सुधारतं. एका पूर्ण चार्जिंगला 3 युनिट धरले आणि महिन्यात 12 वेळा चार्ज केली, तर 36 युनिट, म्हणजे 29 रुपये. पण गंमत बघा, 9 ते 5 मध्ये स्कूटर असते कुठे? कॉलेजच्या पार्किंगमध्ये. उरला रविवार.

म्हणजे फायदा कोणाला? ज्या घरात दिवसा माणसं आहेत त्यांना. घरून काम करणारे, घरीच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, घरातच शिलाईकाम किंवा छोटा उद्योग असलेले. ज्या घरातले सगळे सकाळी कुलूप लावून बाहेर पडतात, त्यांच्या वाट्याला फ्रिजची सवलत. रोजचा 1 युनिट धरला तर महिन्याला 8 रुपये.

रूमवर राहणाऱ्यांनो, थांबा

माझा एक मित्र धुळ्यात देवपूरला तिघांत रूम करून राहतो. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "आमचं मीटर मालकाच्या नावावर आहे. आम्हाला सबमीटर आणि युनिटला एकच ठरलेला भाव."

संपलं. सबमीटर फक्त युनिट मोजतं, वेळ मोजत नाही. मित्राने दुपारी बारा वाजता इस्त्री केली तरी सवलत मुख्य मीटरच्या बिलात जाईल. मालकांशी बोलता येतं, पण कॉट आणि गादी मिळवताना किती बोलावं लागलं होतं ते आठवलं की माणूस गप्प बसतो. अशा वेळी रूमवाल्यांसाठी एकच रस्ता उरतो. युनिटच कमी जाळायचे. आणि खरं सांगायचं तर घरवाल्यांसाठीही मोठा रस्ता तोच आहे.

80 पैसे विरुद्ध 11 रुपये

आपलं घरगुती बिल टप्प्यांत चालतं. 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या 100 युनिटला 4 रुपये 71 पैसे आणि 101 ते 300 युनिटला 10 रुपये 29 पैसे असा दर होता. वर प्रत्येक युनिटला 1 रुपया 17 पैसे वहन आकार. आताचे आकडे तुमच्या बिलावर बघा, पण पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातली ही उडी लक्षात ठेवा. 100 ओलांडल्यावर प्रत्येक युनिट साडेअकरा रुपयांच्या आसपास पडत होतं.

म्हणजे एक युनिट रात्रीवरून दिवसावर नेलं तर वाचतात 80 पैसे. तेच युनिट जाळलंच नाही तर वाचतात 11 रुपये.

उदाहरण घ्या. साधा जुना पंखा 75 वॉट घेतो, बीएलडीसी पंखा 30 वॉटच्या आसपास. तीन पंखे रोज 12 तास चालले तर महिन्याला साधारण 48 युनिटचा फरक. वरच्या दराने साडेपाचशे रुपये! पंखा अडीच-तीन हजारांना येतो, त्यामुळे तिन्ही एकदम घ्यायची गरज नाही. जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी बदला. आमच्याकडे तो आजीच्या खोलीतला निघाला.

रात्रीची लाईन

हा सगळा हिशोब मी मामाला फोनवर सांगितला. मामाची रावेर तालुक्यात केळी आहे. तो हसला. म्हणाला, "तुमचं बरंय रे, तुम्ही हौसेनं रात्री जागता."

शेतीपंपाची थ्री फेज लाईन वर्षानुवर्षं आळीपाळीने येत आली आहे, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन केळीत शिरायचं, विंचूकाट्याची भीती मनात ठेवून पाणी धरायचं. खान्देशातल्या कॉलेजात अर्ध्याअधिक मुलांच्या घरी हे कुणीतरी केलेलं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशच शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. ज्याला दिवसाची लाईन मिळाली त्याला विचारा, त्याला पैशांपेक्षा झोपेचं मोल आधी आठवतं.

मामाशी बोलल्यावर मला मम्मीचे ते रात्री बाराचे कपडे आठवले. मी बिलाचा हिशोब करत होतो, पण तिच्या जागरणाचा कॉलमच वहीत नव्हता.

तुमच्या घरी ठरवायचं कसं?

एक, मीटर टीओडी आहे का आणि बिलात सवलत दिसतेय का ते बघा. दोन, बिल नेमकं कोणाच्या नावावर येतं? तीन, सात दिवस 9 आणि 5 चं रीडिंग घ्या. चार, दिवसावर खरंच हलवता येतील तेवढेच युनिट मोजा आणि 80 पैशांनी, किंवा त्या वर्षीची सवलत असेल तिने, गुणा. पाच, ते काम त्या वेळी कोण करणार, हे त्या माणसाला विचारा.

उत्तर 20 रुपये आलं आणि कोणाची गैरसोय नसेल, तर जरूर करा. दिवसाची वीज वापरली तर संध्याकाळचा ताणही तेवढा हलका होतो. केंद्राच्या नियमात जास्त मागणीच्या वेळी जास्त दराची तरतूद आहे. उद्या ती घरच्या बिलात उतरली तर हेच गणित पुन्हा मांडावं लागेल, म्हणून वही जपून ठेवा.

आमच्याकडे आता मशीन शनिवारी-रविवारी सकाळी दहाला लागतं. कपडे मी वाळत घालतो. खान्देशातलं ऊन, तासाभरात कडक वाळतात.