मलिदा वळणारे हात

रमजान लागला की घरातल्या प्रत्येकाला काम मिळतं. सहेरीला कुणी उठवायचं, बाजारातून खजूर कुणी आणायचे, इफ्तारीचं ताट शेजारी कुणी पोचवायचं, हे न बोलता ठरतं. पोरंसोरंसुद्धा शरबताचे ग्लास मांडतात. घरातल्या सत्तरी-पंच्याहत्तरीच्या माणसाच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येतं, ‘‘नक्को, तुम बैठो.’’ दखनीतला हा ‘नक्को’ मराठीतल्या ‘नको’चाच सख्खा भाऊ. दिवाळीच्या फराळाला शेजारच्या घरातही हेच ऐकू येतं, ‘‘आजी, तुम्ही बसा निवांत.’’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणाऱ्याला वाटतं, आता आपली गरज उरली नाही.

रमजानमध्ये हे जास्त लागतं. आजारी आणि वयाने थकलेल्या माणसाला इस्लामने रोज्यातून सूट दिली आहे. आजारी माणसाने बरं झाल्यावर सुटलेले रोजे पुरे करायचे. ज्याला आता कधीच जमणार नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाच्या जेवणाची सोय करायची. त्याला फिदया म्हणतात. नियम इतका सोपा आहे. मन इतक्या सहज मानत नाही. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आज पंच्याहत्तरीत असलेल्या माणसाने १९८६ सालचा मे-जूनचा रमजान ऐन तरुणपणी पाळला आहे. परभणीचं ऊन, चाळिशीपार गेलेला पारा आणि घशाखाली पाण्याचा थेंब नाही. २०१८ साली रमजान पुन्हा त्याच उन्हाळ्यात आला, तेव्हाही त्याने नेटाने रोजे धरले. आता साखर वाढली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी रोजा धरू नका म्हणून सांगितलं. इफ्तारीच्या दस्तरख्वानवर सगळ्यांसोबत बसताना अशी माणसं थोडी मागे सरकून बसतात.

या माणसांना परत पुढे आणायचा साधा मार्ग स्वयंपाकघरात आहे. त्यांच्या हाताला गोडाचं काम द्यायचं, आणि शेजारी आपण बसायचं.

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या, निझामाच्या काळातल्या रेल्वेमार्गावरचं पिंगळी घ्या किंवा या भागातलं कुठलंही गाव. हाताशी असलेला सगळ्यात सोपा गोड पदार्थ म्हणजे मलिदा. त्याला ना पाक लागतो, ना तळण. चार ताज्या गरम पोळ्या, अर्धी ते पाऊण वाटी किसलेला गूळ, दोन मोठे चमचे तूप, चिमूटभर वेलची, थोडी बडीशेप आणि असेल तर सुक्या खोबऱ्याचा कीस. पोळ्या कोमट असतानाच कुस्करायच्या, गूळ-तूप घालून मळायच्या आणि लाडू वळायचे. काही घरांत ज्वारीच्या भाकरीचाही करतात. ज्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ हे ज्वारीचं वाण दिलं, तिथे तो व्हायलाच हवा. भाकरी मात्र गरमच कुस्करावी. गार झाली की कडक होते आणि म्हाताऱ्या बोटांना ऐकत नाही.

हल्ली पोळ्या मिक्सरमधून फिरवतात. दोन मिनिटांत भुगा होतो, हे खरंच. पण मग आजीला करायला काय उरलं? कुस्करणं हेच तर तिचं काम. पसरट परात, खाली ओला फडका म्हणजे ती सरकत नाही, आणि गुडघे दुखत असतील तर जमिनीऐवजी खुर्ची आणि समोर टेबल. बोटं आखडलेली असतील तर कणीक तिंबायला देऊ नये; मऊ मलिदा वळणं त्यांना झेपतं. गॅसजवळचं काम तरुणांनी करावं. गूळ किती, हे मात्र दादीला विचारावं. ती वाटीने सांगणार नाही, मुठीने सांगेल. नातीने तिची मूठ वाटीत रिकामी करून मोजून घ्यावी आणि लिहून ठेवावी. मोबाइलवरच्या व्हिडिओत हजार मलिदे सापडतील, या घरचा त्यात नसेल.

मलिदा कुणा एकाचा नाही, हेही इथे सांगायला हवं. दर्ग्यावर नवस फेडायला हिंदू घरांतूनही तो येतो. उरलेल्या पोळ्यांचा गूळ-तूप घालून केलेला लाडू मराठी घरांत शाळकरी मुलांनी पिढ्यान् पिढ्या खाल्ला आहे. तो नाव बदललेला मलिदाच. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राईल ज्यूंचाही मलिदा असतो. गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा आणि फळं घालून ते तो प्रेषित एलियाच्या नावाने, शुभकार्याच्या वेळी करतात. पदार्थ बदलला तरी शब्द तोच राहिला.

चुलीपासून लांब बसून करायचं दुसरं काम म्हणजे गव्हले. लग्नघरात रव्याची किंवा मैद्याची घट्ट कणीक चिमटीत घेऊन गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले वळायची, नखाने नखुले करायची चाल मराठी घरांत जुनी आहे. खीर त्यांचीही होते, शेवयांचीही. ईदच्या आधी पाच-सात दिवस दुपारच्या वेळी मुसलमान घरातली दादी आणि शेजारची आजी एका सुपावर गव्हले वळायला बसल्या, तर दोघींच्या सासरच्या गोष्टी निघतात. नुसतं ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं की माणूस गप्प होतो; हात चालू लागले की तोंडही चालू लागतं.

ज्यांना विसरण्याचा आजार जडला आहे, त्यांच्या बाबतीत तर हे जास्तच. नातवाचं नाव, आजचा वार विसरलेला माणूस हाताला वळण पडलेलं काम पुष्कळदा उशिरापर्यंत करू शकतो, हे डॉक्टरही सांगतात. अशा माणसाला ‘ओळखा बघू, हा कोण?’ असं विचारून परीक्षा घेण्यापेक्षा त्याच्या तळहातावर मलिद्याचा गोळा ठेवावा. लाडू वाकडा झाला तर झाला. त्याच्या डोळ्यांदेखत तो मोडून पुन्हा वळू नये. तसं केलं तर ‘तुम बैठो’ म्हटल्यासारखंच.

घरातल्या आजोबांनाही यातून सोडू नका. बायकांचं काम म्हणून ते बाजूला बसतील, पण खजुराच्या बिया काढायला सांगितल्या तर नाही म्हणणार नाहीत. बिया काढलेला खजूर आणि भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट एकत्र मळलं की साखर न घालता लाडू होतात. एकही बी राहिली नाही ना, हे दुसऱ्याने बघावं. कवळी असलेल्यांना ती महागात पडते. चिक्कीसारखं कडक, चिकट काही त्यांच्यासाठी करूच नये.

साखरेचं काय, हा प्रश्न येणारच. खजूर असो की गूळ, मधुमेहाला दोन्ही गोडच. ‘गूळ चालतो’ हा गैरसमज घरोघरी आहे. म्हणून लाडू लिंबाएवढा न वळता सुपारीएवढा वळावा, आणि किती खायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. एक गोष्ट बघण्यासारखी असते. वळणारी व्यक्ती स्वतः फार खात नाही. तिचं लक्ष ताट कुणाकुणाकडे जाणार याकडे असतं, आणि कुणाचं नाव राहिलं तर तीच आठवण करून देते. ज्याला रोजा धरता येत नाही, त्याच्या हातचा घास रोजेदाराच्या तोंडात पडतो. रोजेदाराला इफ्तार करवणं हे मोठं पुण्य मानलं गेलं आहे.

चाँदरातीला तर हाताला काम कमीच पडत नाही. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, हे दोन्ही फारसी शब्द. पुष्कळ घरांत आता शीरखुर्म्यात खजूर किंवा खारीक दिसतच नाही, नुसत्या शेवया आणि काजू-बदाम. जुनी माणसं खारीक आवर्जून घालायला सांगतात. ती आदल्या दिवशीच पाण्यात टाकावी लागते, नाहीतर चिरताना सुरी अडते. बदाम कोमट पाण्यात भिजवले की साल अंगठ्याने सुटते. चारोळी भिजवून फडक्यात चोळावी लागते, मग साल हळूहळू निघते. हे काम घाईच्या माणसाचं नाही. दूध आटवायला सून उभी असते, शेवया तुपावर परतायला लेक. चारोळीचं फडकं दादीच्या मांडीवर, आणि दोन्ही बाजूंना दोन नातवंडं, सोललेली चारोळी गुपचूप तोंडात टाकणारी.