हेडलाइट विझले ते बल्बमुळे, पण बल्ब जाऊन नव्हे

कशेडी घाट उतरताना आमच्या गाडीचे दोन्ही हेडलाइट एकदम विझले. आता तिथं बोगदा झाला आहे. तेव्हा पोलादपूर सोडलं की वळणावळणाचा घाटच होता. चिपळूणला मामूंच्या घरी लग्न होतं. मगरिबच्या आत पोहोचायचं ठरलं होतं, पण निघायलाच उशीर झाला आणि इशाची वेळ झाली तरी आम्ही घाटातच. स्टिअरिंगवर अब्बा, शेजारी अम्मी, मागे खाला आणि आम्ही दोघं भावंडं.

अब्बांनी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगजवळची दांडी स्वतःकडे ओढली. समोर लख्ख उजेड पडला. दांडी सोडली की पुन्हा अंधार. मग एका बोटानं दांडी ओढून धरायची, दुसऱ्या हातानं स्टिअरिंग सांभाळायचं आणि चारी इंडिकेटर चालू ठेवायचे, असं करत आम्ही पायी चालल्याच्या वेगानं खाली आलो. कुणी बोललं नाही. पहिला धाबा लागला तिथं गाडी लावली आणि मामूंना फोन केला. ते दुसरी गाडी घेऊन न्यायला आले.

सकाळी उजेडात गाडी खेडच्या एका इलेक्ट्रिक मिस्त्रीकडे नेली. त्यानं आधी प्रश्नच विचारले. दोन्ही लाइट एकाच वेळी गेले? दांडी ओढल्यावर पेटतात? मग म्हणाला, ‘‘दोन बल्ब एका क्षणी जात नाहीत, चाचा. ओढल्यावर वीज वेगळ्या पत्तीतून जाते, ती शाबूत आहे. जळलंय ते दांडीच्या मुळाशी.’’

ते मूळ म्हणजे कॉम्बिनेशन स्विच. हेडलाइट, अप्पर-डिपर आणि इंडिकेटर, सगळं त्या एकाच डबीत.

मिस्त्रीनं बॅटरीचा मायनस सोडवला. चाकं सरळ केली, इंडिकेटरची दांडी मधोमध ठेवली, हॉर्नचं झाकण काढलं. स्टिअरिंग आणि त्याचा दांडा यांवर खडूनं एक रेघ ओढली, म्हणजे परत बसवताना स्टिअरिंग वाकडं बसत नाही. नट ढिला केला, पण पूर्ण काढला नाही. दोन-तीन आटे ठेवून स्टिअरिंग हलवत सोडवलं. ‘‘नट काढून ओढलं तर एकदम सुटून तोंडावर बसतं,’’ असं म्हणून त्यानं स्वतःचा पुढचा दात दाखवला. खरं की थट्टा, कळलं नाही.

स्विच त्यानं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडला. आतल्या बारीक स्प्रिंगा आणि छर्रे उडाले तर पिशवीतच राहतात. आत तांब्याच्या पत्त्या काळ्या पडल्या होत्या आणि डिपरच्या पत्तीभोवतीचं प्लास्टिक मेणासारखं वितळलं होतं. नुसता काळेपणा असता, ग्रीस सुकलं असतं, तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून काम भागलं असतं. वितळलेल्या प्लास्टिकला इलाज नाही. पत्ती जागेवर बसतच नाही.

मग त्यानं बॉनेट उघडून बल्बवरचा आकडा वाचला आणि आमच्याकडे बघितलं. आदल्या वर्षी आम्हीच हट्ट करून 60/55 वॉटच्या जागी 100/90 वॉटचे बल्ब बसवून घेतले होते. उजेड छान पडतो म्हणून आम्ही खूश. त्यानं तिथंच हिशेब मांडला. 60 वॉटचे दोन बल्ब म्हणजे 120 वॉट; 12 व्होल्टवर 10 अँपिअर. 100 चे दोन लावले की जवळपास 17. पत्तीवरची उष्णता मात्र करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे पावणेतीन पटींच्या घरात. आमच्या जुन्या गाडीला हेडलाइटसाठी रिले नव्हता. सगळा करंट त्या नखाएवढ्या पत्तीतून जायचा.

‘‘नवीन स्विच लावून देतो, पण बल्ब हेच ठेवले तर पुन्हा याल.’’

अब्बा आम्हाला काही बोलले नाहीत. ‘‘जे लागेल ते करा,’’ एवढंच मिस्त्रीला म्हणाले.

बल्ब मूळ वॉटचे आले. अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले बसले; बॅटरीतून फ्यूज लावून जाड वायर थेट त्यांच्यापर्यंत. आता स्विच फक्त रिलेला इशारा देतो, अर्ध्या अँपिअरहून कमी करंटवर. स्विचला जोडणारा कनेक्टरही बदलला, कारण त्याची एक पिन तपकिरी झाली होती. सैल, जळकी पिन तशीच ठेवली तर नवा स्विचही तापतो. घाईत नेमकं हेच राहून जातं.

स्विचनं आम्हाला आधी कळवलं नव्हतं असं नाही. महिनाभर दांडीचं बूड कोमट लागायचं, खड्ड्यात लाइट लुकलुकायचे, एकदा जळका वास आला होता. आम्ही काच खाली केली. इंडिकेटर भरभर वाजायला लागला तर बहुधा एखादा बल्ब गेलेला असतो, ते किरकोळ. चारी इंडिकेटर एकत्र चालतात पण डावा-उजवा चालत नाही, किंवा हेडलाइट दांडी हलवल्यावर जातात-येतात, तेव्हा संशय या स्विचवर घ्यावा.

हे सगळं एअरबॅग नसलेल्या गाडीचं. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर घरी पान्याला हातही लावू नका. ती पिशवी स्फोटानं उघडते. जाणत्या माणसाकडेच जा.

आमच्या गाडीचा आणखी एक जुना आजार याच दुरुस्तीत गेला. वळण संपल्यावर दांडी मागे आणणारा प्लास्टिकचा दात कधीचा तुटलेला होता, तो नव्या स्विचबरोबर आला. इंडिकेटर आता आपोआप बंद होतो. खाला मात्र अजून प्रत्येक वळणानंतर मागून विचारतात, ‘‘बंद केलात का?’’