सी-टाइपचा हेडफोन फोनमध्ये बसतो, मग वाजत का नाही?

मागच्या महिन्यात शेवगावहून मावसभावाचा फोन आला. "ताई, फोनचा पोर्ट गेलाय म्हणे. बाराशे सांगतायत."

झालं असं, की दुसऱ्या दिवशी त्याचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. घरात गोंगाट, म्हणून त्याने स्टँडजवळून दीडशे रुपयांचा सी-टाइप हेडफोन घेतला. फोनला लावला, तर आवाजच नाही. रिपेअरिंगवाल्याने बघितलं न बघितलं आणि पोर्ट बदलायला सांगितला.

मी विचारलं, चार्जिंग होतंय का? होतंय. पेनड्राइव्ह चालतो का? चालतो. मग पोर्ट कशाला बदलायचा? म्हटलं, तोच हेडफोन काकांच्या फोनला लावून बघ. तिथे खणखणीत वाजला!

म्हणजे फोन चांगला, हेडफोनही चांगला. फक्त दोघांचं जमत नव्हतं.

आता हे कसं? फोनमधलं गाणं डिजिटल असतं, म्हणजे नुसते आकडे. ते कानाला ऐकू यायचं तर त्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करावा लागतो. हे काम करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. ३.५ मिलिमीटरचा गोल जॅक होता तेव्हा हा डॅक फोनच्या आतच असायचा, त्यामुळे हेडफोनला काही डोकं लागायचं नाही.

२०१६ मध्ये आयफोन ७ मधून अ‍ॅपलने जॅक काढला. मग एकेक करत बऱ्याच अँड्रॉइड कंपन्यांनीही काढला, आणि इथे दोन वाटा झाल्या. काही फोन सी-टाइप पोर्टमधूनच तयार अ‍ॅनालॉग आवाज बाहेर देतात. काही फोन नुसते आकडे देतात, चिप तुमची तुम्ही आणा म्हणतात. गूगलचे पिक्सेल २ पासूनचे जॅक नसलेले फोन किंवा सी-टाइपचा आयफोन १५ हे या दुसऱ्या गटातले.

स्वस्तातल्या बऱ्याच हेडफोनमध्ये आणि कन्व्हर्टरमध्ये चिप नसते. ते पहिल्या गटातल्या फोनवर वाजतात आणि दुसऱ्यावर मुके. दिसायला मात्र दोन्ही सारखेच. युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला सी-टाइप सक्तीचा केला खरा, पण तो नियम चार्जिंगसाठी आहे. आवाजाचा घोळ त्याने मिटत नाही.

त्यामुळे घेताना खोक्यावर 'डॅक' लिहिलंय का बघा. चिपवाला हेडफोन जवळपास सगळ्या सी-टाइप फोनवर चालतो. आणि कापड बाजारात घ्या नाहीतर चितळे रोडला, पैसे देण्याआधी स्वतःच्या फोनला लावून बघा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चिपवालाही वाजत नसेल तर सेटिंगमध्ये 'ओटीजी' शोधा. ओप्पो, रियलमी, वनप्लसच्या बऱ्याच फोनमध्ये हे बटण वेगळं असतं आणि थोडा वेळ वापर नसेल तर आपोआप बंद होतं.

गोल जॅकवाल्यांचं दुखणं वेगळं. गाण्यातलं संगीत ऐकू येतं, पण गायक विहिरीतून गातोय असं वाटतं, किंवा गायबच. असं कधी झालंय?

माइकवाल्या हेडफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार भाग. डावा कान, उजवा कान, माइक आणि ग्राउंड. शेवटच्या दोघांचा क्रम दोन प्रकारचा आहे. आजच्या फोनमध्ये चालतो तो सीटीआयए, जुन्या नोकियासारख्या काही फोनमधला ओएमटीपी. क्रम उलटा झाला की ग्राउंड तुटतं आणि दोन्ही कानांत जे सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं. गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून पहिला बळी त्याचा.

ओळखायचं कसं? माइकचं बटण दाबून धरा. तेवढ्या वेळापुरता आवाज नीट झाला, तर क्रमाचाच घोळ. हा क्रम बदलून देणारी छोटी पिन मिळते, नवा हेडफोन घ्यायची गरज नाही.

पण त्याआधी फोनचं कव्हर काढून बघा. जाड कव्हरमुळे पिन पूर्ण आत जात नाही आणि लक्षण अगदी हेच दिसतं. भोकात खिशातला कापूस आणि एसटीतली धूळही साचते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सेफ्टी पिन नको, तिने खरंच पोर्ट जाईल. आणि ब्लूटूथ बंद आहे ना? आवाज शेजारच्या खोलीतल्या स्पीकरवर चालू असतो आणि आपण इथे पिन फिरवत बसतो. (अनुभव आहे.)

आकाशवाणीचं अहिल्यानगर केंद्र फोनवर ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फोनमधल्या एफएमला हेडफोनची वायर अँटेना म्हणून लागते. चिपवाल्या सी-टाइप हेडफोनवर गाणी वाजतील, पण एफएम लागेलच असं नाही. त्यासाठी गोल जॅकचा फोन बरा.

मावसभावाने काकांचा फोन घेऊन इंटरव्ह्यू दिला. बाराशे रुपये वाचले, पोर्ट अजून तोच आहे. दीडशेचा हेडफोन आता काका वापरतात.