बूम पोल स्टँडवर ठेवायचाय? आधी होल्डरचं गणित समजून घ्या

मसाला भाजताना, मोदकाला कळ्या पाडताना, ब्लाउजची कटिंग दाखवताना कॉलर माइक त्रास देतो. पदर घासतो, बांगड्या वाजतात. अशा वेळी माइक डोक्याच्या वर, फ्रेमच्या जरासा बाहेर, बूम पोलला लावलेला बरा. सिनेमाच्या सेटवर तो पोल धरायला एक माणूस असतो. आपल्याकडे माणूस म्हणजे आपणच! मग पोल स्टँडवर ठेवावा लागतो, आणि त्या दोघांना जोडतो तो होल्डर.

माझा पहिला होल्डर म्हणजे इंग्रजी यू आकाराचा नुसता खोबणा. पनवेलच्या माझ्या दुकानात, शटर खाली ओढून शूट चालू होतं. पोलचं मागचं टोक दोरीने स्टँडला बांधलेलं. पाचेक मिनिटं सगळं छान. मग दोरी सैल पडली आणि माइक थेट काउंटरच्या काचेवर. माइक वाचला, काच गेली. चूक माझीच, कारण मी हिशोबच केला नव्हता.

हिशोब तराजूचाच आहे. समजा पोल २ मीटरचा, वजन ५०० ग्रॅम. पुढे माइक आणि त्याचं माउंट मिळून ३०० ग्रॅम. होल्डर मागच्या टोकापासून ५० सेंमीवर. माइक होल्डरपासून १५० सेंमी पुढे, म्हणजे मागच्या टोकाला त्याच्या तिप्पट, ९०० ग्रॅम हवेत. पोलचा स्वतःचा मध्य ५० सेंमी पुढे येतो, त्याचे आणखी ५००. एकूण १ किलो ४०० ग्रॅम! ३०० ग्रॅमच्या माइकसाठी एवढं वजन लागेल असं कुणालाच वाटत नाही.

आता होल्डर. खोबणीवाला स्वस्त असतो, पोल पटकन उचलता येतो, पण तो पोल फक्त टेकवून ठेवतो. शेजारी कुणी उभं असेल तरच घ्या. दुसऱ्या प्रकारात एका पट्टीवर पुढे खोबणी आणि मागे उलटा हूक असतो. पुढचं वजन खाली ओढतं तसं मागचं टोक हुकात वर दाबलं जातं आणि पोल आपोआप अडकतो. तिसरा क्लॅम्प, चारी बाजूंनी आवळणारा. एकट्याने काम करणाऱ्याला मी हाच सांगते. आतून रबर लावलेला बघा, आणि कार्बन फायबरचा पोल असेल तर जोर लावून पिळू नका, नळी चिरते.

पण एक लक्षात ठेवा. हूक असो की क्लॅम्प, तो पोल धरतो, तोल धरत नाही. पोल पडायचा थांबला की तोच भार स्टँडवर येतो आणि मग अख्खा स्टँड पुढे कलंडतो. म्हणून मागच्या टोकाला वजन लटकवायचंच. वाळूची पिशवी नसेल तर दीड किलो तांदूळ जाड कापडी पिशवीत बांधा. साध्या लाइट स्टँडचा एक पाय माइकच्या दिशेला ठेवा आणि मागच्या दोन पायांवर आणखी पाच किलो टाका.

होल्डरला तिरपा करायचा स्क्रू असेल तर तो ज्या दिशेला फिरवून घट्ट होतो, त्याच दिशेला माइकचं वजन ओढेल असं लावा. उलट लावलात तर शूट चालू असताना तो हळूहळू सैल होतो.

ऑर्डर करण्याआधी स्टँडचं टोक बघा, इथे बरेच जण फसतात. लाइट स्टँडच्या टोकाला सुमारे १६ मिमीचा, म्हणजे पाच अष्टमांश इंचाचा खुंट असतो. माइक स्टँडला पाच अष्टमांश किंवा तीन अष्टमांश इंचाचे आटे असतात. आकडा तोच, वस्तू वेगळी. जुना स्टँड असेल तर तो घेऊनच लॅमिंग्टन रोडला जा आणि होल्डर तिथेच बसवून बघा. ऑनलाइन घेणार असाल तर फोटोवर जाऊ नका, माप वाचा.

सगळं जमलं की माइकशिवाय आधी पाण्याची ३०० मिलीची बाटली पोलला बांधा आणि अर्धा तास तसाच राहू द्या. आणि हो, शूटच्या वेळी छताचा पंखा बंद. पोल त्यालाच आधी लागतो.