बँकॉकची पंचतारांकित हॉटेले : भाडे पाहू नका, हिशोब पाहा

खड्यांचा सौदा करताना कॅरेटमागे पाच-दहा बाहतसाठी तासभर घासाघीस करणारा आपला व्यापारी हॉटेल निवडताना मात्र फारसा विचार करीत नाही. कोणी नाव सांगितले म्हणून एका ठिकाणी उतरतो, कोणी भाडे कमी सांगितले म्हणून दुसऱ्या ठिकाणी. चार रात्रींनंतर बिल हाती येते तेव्हा सौद्यात वाचविलेली रक्कम त्या कागदावर खर्च झालेली असते. मुंबईहून चार-साडेचार तासांच्या विमानप्रवासावर असलेल्या बँकॉकला खडे, दागिने आणि कापड यांच्या व्यापारासाठी आपले लोक वर्षानुवर्षे जात आहेत. त्यामुळे तेथील मोठ्या हॉटेलांची तुलना कशी करावी, हा आमच्या मते चैनीचा विषय नसून धंद्याच्या खर्चाचा विषय आहे.

पाच तारका सर्वच मोठ्या हॉटेलांच्या दारावर असतात. मऊ गादी, स्वच्छ न्हाणीघर आणि नम्र नोकरवर्ग या गोष्टी बँकॉकमध्ये पहिल्या दर्जाच्या कोणत्याही हॉटेलात मिळतात. म्हणून तुलना या गोष्टींची करून उपयोग नाही. तुलना करायची ती तीन बाबींची : जागा, अंतिम बिल आणि आपल्या गरजा.

हॉटेले व्यापाराच्या मागे गेली

बँकॉकचे कोणते हॉटेल कोठे आहे आणि तेथेच का आहे, हे समजले की अर्धी निवड झाली असे समजावे. येथील सर्वात जुने नामांकित हॉटेल ओरिएंटल. ते 1876 साली चाओ फ्राया नदीच्या काठी सुरू झाले. त्या काळी जहाजे नदीतून येत. कस्टम हाऊस, परदेशी वकिलाती आणि व्यापारी पेढ्या याच काठावरच्या बांग राक भागात होत्या. 1860 च्या दशकात बांधलेला चरोएन क्रुंग रस्ता येथूनच जातो. म्हणजे नदीचा देखावा पाहण्यासाठी नव्हे, तर धक्क्याजवळ उतरता यावे म्हणून हे हॉटेल तेथे उभे राहिले. इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम 1923 साली येथे मलेरियाने आजारी पडला होता. हॉटेलच्या चालकांना आपल्याकडे पाहुणा मरू नये याचीच काळजी होती, असे त्याने पुढे लिहून ठेवले. धंद्याचा हिशोब तेव्हाही असाच होता! हाँगकाँगच्या मँडरिन कंपनीने 1974 साली या हॉटेलात मोठा भाग घेतला आणि आज ते मँडरिन ओरिएंटल या नावाने ओळखले जाते.

पुढे व्यापार नदीवरून रस्त्यांवर आला. 1970 साली सिलोम रस्त्याच्या तोंडाशी, लुंफिनी उद्यानासमोर दुसित थानी उभे राहिले. ते एका थाई महिला उद्योजिकेने, चनुत पियाउई यांनी, काढले होते. तेव्हा ती बँकॉकमधील सर्वात उंच इमारत होती. त्यानंतर बाजारपेठ राचप्रसोंग चौकाकडे सरकली. तेथे सरकारी मालकीचे जुने इरावान हॉटेल 1956 पासून होते. ते पाडून त्या जागी 1991 साली ग्रँड हयात इरावान सुरू झाले. नदीकाठी 1986 साली शांग्री-ला आले आणि 1998 साली पलीकडच्या तीरावर पेनिन्सुला आले.

पेनिन्सुलाच्या उद्घाटनाची वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2 जुलै 1997 रोजी थायलंडने बाहतचा डॉलरशी असलेला बांधलेला दर सोडला. डॉलरला सुमारे 25 बाहत असलेला भाव काही महिन्यांत 50 च्या पलीकडे गेला. थाई मालक आणि बँका यांचे हाल झाले, पण डॉलर घेऊन येणाऱ्या पाहुण्याला तेच हॉटेल निम्म्या किमतीत पडू लागले. यातून एक धडा घ्यावा. हॉटेलचे भाडे एकट्या हॉटेलवर ठरत नाही, ते चलनावरही ठरते. रुपया आणि बाहत यांचा त्या दिवसाचा भाव पाहिल्याशिवाय केलेली तुलना अपुरी आहे.

रेल्वेने नकाशा बदलला

बँकॉकच्या वाहतूक कोंडीची ख्याती जगभर आहे. पाच किलोमीटरसाठी संध्याकाळी तासभर मोटारीत बसावे लागणे यात तेथे नवल नाही. डिसेंबर 1999 मध्ये उन्नत रेल्वे सुरू झाली आणि 2004 साली भुयारी रेल्वे आली. तेव्हापासून हॉटेलाची किंमत स्टेशनापासूनच्या अंतराने मोजावी लागते.

या दृष्टीने वर उल्लेखिलेल्या हॉटेलांची तुलना करून पाहू. शांग्री-ला सपान तक्सिन स्टेशनाच्या आणि सातोर्न धक्क्याच्या अगदी शेजारी आहे, म्हणजे रेल्वे आणि नदी दोन्ही हाताशी. मँडरिन ओरिएंटल आणि पेनिन्सुला आपल्या पाहुण्यांना स्वतःच्या होडीने याच धक्क्यावर आणून सोडतात. नदीत कोंडी नसल्याने ही सोय मोलाची आहे, परंतु होडीची वाट पाहण्याचा वेळ हिशोबात धरावा. ग्रँड हयात इरावान चित लोम स्टेशनाला पादचारी पुलाने जोडलेले आहे. दुसित थानीची जुनी इमारत जानेवारी 2019 मध्ये बंद करून पाडण्यात आली आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्याच जागी नवे हॉटेल सुरू झाले. उन्नत रेल्वेचे साला दाएंग आणि भुयारी रेल्वेचे सिलोम अशी दोन्ही स्टेशने त्याच्या जवळ आहेत. जुन्या हॉटेलात पाचशेहून अधिक खोल्या होत्या, नव्यात केवळ 257 आहेत. खोल्या निम्म्या केल्या की प्रत्येक खोलीकडून जास्त उत्पन्न काढावे लागते, हे कोणताही दुकानदार सांगेल. जुन्या दुसितच्या भाड्याच्या आठवणीवर नव्याचा अंदाज बांधू नये.

आता आपल्या कामाचा पत्ता पाहू. खड्यांचा बाजार सिलोम रस्त्याच्या पश्चिम टोकाला, महेसाक रस्ता आणि ज्वेलरी ट्रेड सेंटर यांच्या आसपास आहे. हे टोक नदीच्या बाजूचे आहे. म्हणून खडे घेणाऱ्या व्यापाऱ्याला नदीकाठचे हॉटेल ही केवळ ऐष नाही, ते बाजाराच्या जवळ पडते. उलट, जो रत्न-दागिन्यांच्या प्रदर्शनासाठी जातो त्याने आधी प्रदर्शनाची जागा पाहावी. हे प्रदर्शन पूर्वी शहराबाहेर नोंताबुरीतील इंपॅक्ट येथे भरत असे. 2022 साली राणी सिरिकित राष्ट्रीय अधिवेशन केंद्र नव्याने खुले झाले आणि त्यानंतर प्रदर्शन तेथे भरू लागले. या केंद्राला भुयारी रेल्वेचे स्वतःचे स्टेशन आहे आणि सिलोमहून ते तिसरे स्टेशन आहे. अशा व्यापाऱ्याला सिलोम परिसर किंवा सुखुमवित जास्त सोयीचे. कापड आणि तयार कपड्यांचा घाऊक बाजार प्रतूनाम भागात आहे. त्या कामासाठी राचप्रसोंग-चित लोम बाजू जवळची.

फलक एकाचा, इमारत दुसऱ्याची

अनेकांचा समज असतो की हॉटेलवर जे नाव लिहिले आहे तोच मालक. मोठ्या हॉटेलांच्या धंद्यात बहुधा तसे नसते. इमारत एकाची असते, आणि चालविण्याचा करार दुसऱ्याचा असतो. चालविणारी कंपनी उत्पन्नाचा ठराविक हिस्सा घेते, कर्ज आणि जमिनीची जोखीम मालकाकडे राहते. ग्रँड हयात इरावान हे थाई कंपनीच्या मालकीचे असून ते हयात चालविते. राचदामरी रस्त्यावरील एक प्रसिद्ध हॉटेल तर एकेकाळी रीजंट होते, नंतर फोर सीझन्स झाले आणि 2015 पासून अनंतारा सियाम आहे. इमारत तीच, फलक वेगळा. आजचे फोर सीझन्स 2020 साली नदीकाठी चरोएन क्रुंग रस्त्यावर सुरू झाले आहे, म्हणजे अगदी दुसऱ्या भागात. जुन्या पत्त्यावर भरवसा ठेवून गेलेला माणूस टॅक्सीतून चुकीच्या दारात उतरेल!

फोर सीझन्सच्या शेजारी 2020 सालीच कपेला सुरू झाले. त्यात खोल्या शंभराच्या आसपास. 2024 साली जगातील पन्नास उत्तम हॉटेलांच्या यादीत त्याला पहिला क्रमांक मिळाला. असा मान मोठा आहे. पण यादी तयार करणारे पर्यटक आणि जाणकार असतात. सकाळी आठ वाजता बाजारात पोहोचायचे आहे की नाही, हे ते पाहत नाहीत. आपल्याला ते पाहावे लागते.

दोन अधिक चिन्हांची किंमत

बँकॉकच्या हॉटेलांच्या दरपत्रकात आकड्यापुढे कधी कधी दोन अधिक चिन्हे छापलेली असतात. पहिल्याचा अर्थ 10 टक्के सेवा आकार आणि दुसऱ्याचा अर्थ 7 टक्के मूल्यवर्धित कर. कर हा सेवा आकारासह झालेल्या रकमेवर लागतो. त्यामुळे एकूण वाढ 17 नव्हे, 17.7 टक्के होते.

केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका हॉटेलाने 10,000 बाहत भाडे सांगितले, पुढे दोन अधिक चिन्हे आहेत आणि न्याहारी वेगळी आहे. दुसऱ्याने सर्व करांसह, दोघांच्या न्याहारीसह 12,000 सांगितले. पहिले दोन हजारांनी स्वस्त दिसते. आता हिशोब करा. 10,000 वर सेवा आकार 1,000, झाले 11,000. त्यावर कर 770, झाले 11,770. न्याहारी माणशी 1,000 अधिक आकार व कर म्हणजे 1,177, दोघांचे 2,354. एकूण 14,124 बाहत. म्हणजे स्वस्त वाटलेले हॉटेल रोज 2,124 बाहतने महाग पडले आणि चार रात्रींत 8,496 बाहत जादा गेले. छोट्या व्यापाऱ्याच्या फेरीत एवढ्या रकमेला किंमत असते.

आणखी दोन गोष्टी. येताच हॉटेल क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवते. ती खर्च होत नाही, पण सुटेपर्यंत तेवढी मर्यादा आपल्याला वापरता येत नाही. माल खरेदी कार्डावर करणार असाल तर हे आधी विचारून घ्या. दुसरे, बिल देताना रुपयात आकारू का, असे विचारले जाते. तेथे बाहतच सांगावे. रुपयात आकारणी केली की चलनाचा भाव समोरचा ठरवितो आणि तो बहुधा आपल्या तोट्याचा असतो.

जेवणाचा आणि नमाजाचा प्रश्न

मोठ्या हॉटेलाच्या न्याहारीत शंभर पदार्थ असतात. पण त्यातले आपल्याला चालणारे किती, हा प्रश्न आपल्या वाचकांना पडतोच. माणशी हजार बाहत मोजून फळे आणि अंडी खायची असतील तर न्याहारी नसलेला दर घेणे शहाणपणाचे. थायलंडमध्ये हलाल प्रमाणपत्र देण्याचे काम तेथील केंद्रीय इस्लामी परिषद करते. हॉटेलात केवळ ‘हलाल मिळेल का’ असे विचारू नये. प्रमाणपत्र संपूर्ण स्वयंपाकघराला आहे की फक्त आणलेल्या मांसाला, भांडी वेगळी आहेत का, रश्श्यात दारू वापरतात का, हे विचारावे. लेखी उत्तर मागावे. चांगली हॉटेले ते देतात. शाकाहारी व्यापारी बांधवांनीही हीच रीत ठेवावी.

जागेचा विचार येथेही उपयोगी पडतो. मँडरिन ओरिएंटलपासून थोड्या पायी अंतरावर, जुन्या कस्टम हाऊसच्या मागे हारून मशीद आहे. नदीच्या व्यापाराबरोबर आलेल्या मुस्लिम वस्तीची ती जुनी खूण आहे. सुखुमवितच्या नाना भागात अरबी आणि हिंदुस्थानी खाणावळी आहेत. ज्याला हॉटेलातच पूर्ण हलाल व्यवस्था हवी, त्याच्यासाठी रामखामहेंग भागात अल मेरोज हे हॉटेल आहे. तेथे मद्य दिले जात नाही. ते वर सांगितलेल्या हॉटेलांच्या पंक्तीतले नव्हे आणि सिलोमपासून दूर आहे. पण विमानतळ रेल्वेच्या मार्गालगत असल्याने कुटुंबासह जाणाऱ्यांनी विचार करण्याजोगे आहे.

निवड कशी करावी

आमचे म्हणणे थोडक्यात असे. खड्यांच्या कामासाठी चार दिवस जाणाऱ्याने शांग्री-ला आणि मँडरिन ओरिएंटल यांचे अंतिम दर मागवून तुलना करावी. पहिल्याची बाजू रेल्वेची, दुसऱ्याची बाजू बाजाराच्या आणि मशिदीच्या जवळिकीची. प्रदर्शनासाठी जाणाऱ्याने सिलोमच्या तोंडाशी पाहावे. कापडवाल्याने चित लोमकडे पाहावे. पेनिन्सुला आणि कपेला ही ज्यांना काम आटोपून निवांतपणा हवा त्यांच्यासाठी.

आणि ज्या व्यापाऱ्याच्या फेरीचा नफा यांपैकी कोणत्याही हॉटेलाचे भाडे पेलत नाही, त्याने प्रतिष्ठेसाठी तेथे उतरू नये. त्याच स्टेशनाजवळचे साधे, स्वच्छ हॉटेल घ्यावे. समोरचा व्यापारी आपला माल आणि आपला शब्द पाहतो, खोलीची किल्ली पाहत नाही. मात्र एखाद्या मोठ्या सौद्याची बैठक घ्यायची असेल तर राहण्याऐवजी त्या हॉटेलाच्या चहागृहात तासभर बसता येते. त्याचे बिल एका रात्रीच्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी होते.